रेझ्युमे दुरुस्त करा, आणि हिशेबही ठेवा

आपल्या घरांत ‘एटीएस’ म्हटलं की आवाज आपोआप खाली येतो. महाराष्ट्रात हे नाव दहशतवादविरोधी पथकाचं. त्यामुळे पनवेलमध्ये आम्ही रविवारी रेझ्युमे तपासायला बसतो आणि एखादा मुलगा सहज म्हणून जातो, “बाजी, एटीएसनं परत रिजेक्ट केलं,” तेव्हा सोबत आलेल्या त्याच्या अम्मीचा चेहरा उतरतो. मग सांगावं लागतं की हे एटीएस वेगळं. ॲप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टीम, म्हणजे कंपनीकडे आलेले अर्ज साठवणारं आणि चाळणारं सॉफ्टवेअर. अम्मी हसतात. मुलगा हसत नाही. डिप्लोमा हातात येऊन त्याला वर्ष उलटलेलं असतं आणि मोबाइलमध्ये एकाच मजकुराच्या ई-मेलांची रांग लागलेली असते.

या संपादकीयाचा विषय तीच रांग आहे. तिच्याबद्दल आपल्यात दोन समजुती आहेत आणि दोन्हींनी मुलांचं नुकसान होतं आहे. पहिली म्हणजे, ‘आपलं नाव बघूनच नाकारतात, रेझ्युमे सुधारून काय होणार?’ दुसरी समजूत करिअर मार्गदर्शनवाल्यांची: ‘भेदभाव वगैरे काही नसतं, तुझा फॉरमॅट चुकला.’ माझं मत असं की दरवाजे दोन आहेत. पहिला यंत्राचा. तो बऱ्यापैकी आपल्या हातात आहे. दुसरा माणसाचा. तो एकेकट्याच्या हातात नाही, सगळ्यांनी मिळून हिशेब ठेवला तरच तो दिसेल तरी. पहिला उघडायला शिकल्याशिवाय दुसऱ्याबद्दल आपण खात्रीने काही बोलू शकत नाही.

पनवेलमध्ये हे आत्ताच का बोलायचं, तर कामं इथेच येत आहेत. नवी मुंबई विमानतळाचं उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानं सुरू झाली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची. उरणकडे न्हावा-शेवा बंदर आणि त्याभोवतीची गोदामं, इकडे तळोजा एमआयडीसी, कळंबोलीचा लोखंड बाजार, ट्रान्स-हार्बरच्या लोकलने ऐरोलीपर्यंतची आयटी ऑफिसं. कोकणातल्या मुसलमानांच्या दोन-तीन पिढ्या जहाजावर आणि आखातात गेल्या त्या ओळखीवर. कुणाचा तरी मामू, कुणाचा तरी गाववाला एजंट, आणि खिशात सीडीसी किंवा पासपोर्ट. त्या रस्त्यावर रेझ्युमे नावाची गोष्ट जवळपास नव्हतीच. आता विमानतळावर सामान हाताळणीच्या कामाचा अर्जसुद्धा पोर्टलवर भरावा लागतो. ज्या घरात ओळख हीच शिफारस होती तिथल्या मुलाला स्वतःला शब्दांत मांडायचं वळण कुणी लावलेलं नाही, आणि हे वळण नसणं यंत्र लगेच पकडतं.

आधी एक भीती दूर करू. ‘७५ टक्के रेझ्युमे माणसाच्या नजरेला पडण्याआधीच यंत्र फेकून देतं’ हे वाक्य तुम्ही शंभर रील्समध्ये ऐकलं असेल. त्या आकड्यामागे तपासून पाहता येईल असा एकही अभ्यास नाही. असं वाक्य बहुतेक वेळा कोणी तरी काही तरी विकताना म्हणतो. नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये घडतं ते साधं आहे. तुमच्या फाइलमधला मजकूर काढून ते नाव, फोन, शिक्षण, कंपनी, कालावधी, कौशल्यं अशा रकान्यांत भरतं. मग एचआरमधली व्यक्ती त्या रकान्यांत शोध घेते: ‘ऑटोकॅड’, ‘दोन वर्षं अनुभव’, ‘नवी मुंबई’. शोधात जे येतात ते ती वरून वाचत जाते. सापडले की थांबते. तुमचा अर्ज कुणी नाकारलेला नसतो, तो कुणाच्या समोर आलेलाच नसतो.

म्हणून पहिलं काम, मजकूर नीट निघेल असं बघणं. आमच्याकडे येणाऱ्या रेझ्युमेंपैकी बरेच कॅन्व्हावर बनवलेले असतात. डावीकडे निळी पट्टी, गोलात फोटो, कौशल्यांपुढे पाचपैकी चार तारे. दिसायला छान. पण दोन रकान्यांची पानं काही सॉफ्टवेअर आडवी वाचतात आणि डावीकडचा पत्ता उजवीकडच्या अनुभवात मिसळतो. पानाच्या अगदी वर, हेडरच्या चौकटीत लिहिलेला फोन नंबर काही ठिकाणी गळून जातो. ताऱ्यांचा अर्थ यंत्राला कळत नाही, खरं तर माणसालाही कळत नाही. झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून घेतलेला रेझ्युमे म्हणजे तर नुसतं चित्र. याची चाचणी फुकट आहे. आपली पीडीएफ उघडा, सगळा मजकूर सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे तो वरून खाली सरळ वाचता आला तर बहुतेक सॉफ्टवेअरलाही वाचता येईल. काहीच पेस्ट झालं नाही, तर तुम्ही आजवर कंपन्यांना फोटो पाठवत होता. एका रकान्याचं, साध्या टाइपातलं पान बनवा. मथळेही सगळीकडे चालतात तेच ठेवा: एज्युकेशन, वर्क एक्स्पिरियन्स, स्किल्स. ‘माझा प्रवास’ असला मथळा यंत्राला झेपत नाही.

दुसरी अडचण जास्त आपली, म्हणजे मुंबई-कोकणची आहे. आपण शिक्षणाची जी नावं घेतो ती महाराष्ट्राच्या बाहेर कुणी घेत नाही. ‘टीवायबीकॉम’ हा शब्द बंगळुरूत बसून भरती करणाऱ्या मुलीने ऐकलेला नसतो. ती ‘बी.कॉम.’ शोधते. तुम्ही पदवीधर असून तिच्या शोधात येत नाही. ‘एसएससी’ म्हणजे आपल्याकडे दहावी, उत्तरेत ती केंद्र सरकारची परीक्षा घेणारी संस्था. ‘एमएस-सीआयटी’ आपल्या राज्यात २००१ पासून घराघरांत आहे, पण पुणे-मुंबईपलीकडे तिची ओळख नाही. ते नाव ठेवा, आणि पुढे लिहा काय येतं ते: एक्सेलमध्ये व्हीलूकअप, पिव्हट टेबल, किंवा मराठी-इंग्रजी टायपिंगचा वेग. ‘टॅली येतं’ एवढ्यावर थांबू नका. जीएसटी रिटर्न भरलं असेल, बँक रिकन्सिलिएशन केलं असेल तर ते शब्द लिहा, कारण जाहिरातीत तेच शब्द असतात. आयटीआयचा फिटर ‘फिटर’ लिहून मोकळा होतो, पण जाहिरात ‘मेंटेनन्स टेक्निशियन’ची असते. तुम्ही पंप उघडून बसवला असेल, बेअरिंग बदललं असेल, तर दोन्ही शब्द लिहिण्यात खोटं काही नाही. जाहिरात समोर ठेवायची, तिच्यातला प्रत्येक शब्द आपण खरोखर केलेल्या कामाशी ताडून पाहायचा आणि जिथे जुळतो तिथे जाहिरातीचाच शब्द वापरायचा. सगळीकडे एकच रेझ्युमे पाठवणाऱ्याला हे जमणार नाही. दर अर्जाला वीस मिनिटं जातात. जाऊ द्या.

पत्त्याचंही तसंच. कागदोपत्री आपण ‘पनवेल, जि. रायगड’. कंपनी शोधते ‘नवी मुंबई’. पोस्टमनला लागणारा पूर्ण पत्ता रेझ्युमेला लागत नाही. ‘पनवेल, नवी मुंबई’ एवढं पुरे. घर क्रमांक, गल्ली, मशिदीजवळ, अमक्या चाळीच्या मागे, हे सगळं काढा.

आता नावाकडे येऊ, कारण यंत्राच्या दारात सर्वांत जास्त अडखळतं ते आपलं नाव. इंग्रजीत मोहम्मद लिहिण्याच्या पाच-सहा तऱ्हा आहेत, कुणी ‘यू’ने सुरू करतं, कुणी ‘ओ’ने, कुणी नुसतं ‘एमओएचडी’ लिहून पुढे जातं. शेखच्या तीन, काझीच्या दोन. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, पॅनवर वडिलांचं नाव मध्ये, पदवीवर काही तिसरंच. ‘शेख इम्रान अब्दुल रहमान’ असं आडनाव आधी लिहिलं की सॉफ्टवेअर पहिलं नाव शेख आणि आडनाव रहमान समजतं. मग फोन येतो, “मिस्टर रहमान बोलताय का?” आणि घरात उचलणारा म्हणतो, राँग नंबर. हसू नका, असं झालेलं मला माहीत आहे. एक स्पेलिंग ठरवा, शक्यतो दहावीच्या गुणपत्रिकेवरचं, आणि रेझ्युमे, ई-मेल, पोर्टल सगळीकडे तेच, नाव आधी आणि आडनाव शेवटी या क्रमाने लिहा. कागदपत्रांत मोठा फरक असेल तर राजपत्रात नावबदलाची नोंद करून घ्या. त्याचा अर्ज राज्याच्या शासन मुद्रण संचालनालयाच्या संकेतस्थळावर करता येतो. विमानतळाच्या आत काम करायचं असेल तर हे टाळताच येणार नाही. तिथे नागरी उड्डाण सुरक्षा ब्युरोचा प्रवेश परवाना लागतो, त्यासाठी पोलिसांकडून पडताळणी होते, आणि निवड झाल्यावर निव्वळ एका अक्षराच्या फरकाने अडकून पडणं फार त्रासाचं असतं.

नाव झाकावं का, हा प्रश्न दर रविवारी कुणी तरी विचारतंच. कोकणी घरांत तो विशेष येतो, कारण आपली आडनावं गावावरून, ‘कर’ लावून आलेली. पहिल्या नावाचं आद्याक्षर टाकलं तर वाचणाऱ्याला धर्म कळणारच नाही, मग टाकावं का? ज्याच्या घरी चूल त्या उत्तरावर अवलंबून आहे त्याला मी दोष देणार नाही. पण मी तसा सल्लाही देत नाही. पडताळणीत नाव निघतंच, आणि ‘आधी का लपवलं?’ या प्रश्नाचं उत्तर देण्याची वेळ आपल्यावर येते. नाव नको असणारा माणूस मुलाखतीतही तोच असतो. मात्र नाव लपवणं वेगळं आणि अनावश्यक माहिती न देणं वेगळं. आपले कितीतरी रेझ्युमे अजून लग्नाच्या बायोडाटासारखे असतात: धर्म, जात, वडिलांचा व्यवसाय, भावंडं, वैवाहिक स्थिती, उंची, फोटो. यातलं काहीही कामाशी संबंधित नाही. ते काढून टाका. ब्राह्मण मुलानेही काढावं, आपणही काढावं.

फॉर्ममधले प्रश्न हा खरा सापळा आहे, आणि त्याबद्दल मुलं सर्वांत कमी बोलतात. रेझ्युमे जोडण्याआधी पोर्टल विचारतं: स्थलांतराला तयार आहात? किती दिवसांत रुजू व्हाल? अमुक परवाना आहे? यातल्या काही प्रश्नांना कंपनीने नकाराची अट लावलेली असते. उत्तर चुकलं की अर्ज आपोआप बाहेर जातो. अर्ज केल्यावर मिनिटाभरात, रात्री दोन वाजता नकार आला तर तो माणसाने वाचून दिलेला नाही एवढं नक्की. ऐरोलीच्या कामासाठी ‘स्थलांतराला तयार आहात का’ला एका मुलीने ‘नाही’ लिहिलं होतं. तिला वाटलं, घर सोडायला सांगतायत. रोज ट्रान्स-हार्बरने जायला ती एका पायावर तयार होती. उत्तर खरंच द्या, पण प्रश्न काय विचारतोय ते समजून द्या.

मुलींचा आणखी एक अडथळा म्हणजे मधली रिकामी वर्षं. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि ॲक्सेंचर यांनी २०२१ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या कंपन्यांचा अभ्यास केला. त्यात ८८ टक्के कंपन्यांनी मान्य केलं की लायक उमेदवारही केवळ ठरवलेल्या निकषांत तंतोतंत बसत नाहीत म्हणून त्यांच्या चाळणीतून गळतात. जवळपास निम्म्या कंपन्या सहा महिन्यांपेक्षा मोठा खंड असलेले अर्ज बाजूला काढत होत्या. तिथली सॉफ्टवेअर इथेही वापरली जातात. लग्न, बाळंतपण, सासऱ्यांचं आजारपण यात गेलेल्या दोन वर्षांपुढे नुसती रिकामी जागा ठेवू नका. त्या काळात शिकवण्या घेतल्या असतील, शिलाईचा हिशेब ठेवला असेल, ऑनलाइन कोर्स केला असेल, तर तारखांसह एक ओळ लिहा. आणि तिला घरी ‘आता काय नोकरी करतेस’ म्हणणाऱ्यांचं काय करायचं, तो या लेखाचा विषय नाही, पण त्यांना हा परिच्छेद वाचून दाखवायला हरकत नाही.

दोन फसव्या वाटा. पांढऱ्या अक्षरांत जाहिरातीतले सगळे शब्द पानाच्या तळाशी लपवण्याची युक्ती जुनी झाली. सॉफ्टवेअर मजकूर सपाट करून दाखवतं तेव्हा ते सगळं काळ्या अक्षरांत समोर येतं. आणि ‘एटीएस स्कोअर ९५ करून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्याला विचारा, कुठल्या कंपनीच्या एटीएसचा? प्रत्येकीचं वेगळं असतं, असा सामायिक स्कोअर कुठेच नसतो. विमानतळावर लावून देतो म्हणणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. नोकरीसाठी पैसे मागणारा नोकरी देत नाही.

इथपर्यंतचं सगळं केलं. मजकूर स्वच्छ, नाव एक, शब्द जुळणारे, प्रोफाइल दर आठवड्याला ताजं. कंपनीने रेझ्युमे पाहिल्याची सूचनाही आली. आणि तरी फोन नाही. मग?

मग दुसरा दरवाजा. त्याच्याबद्दल आपल्याकडे निव्वळ भावना नाही, आकडे आहेत, आणि ते आणणाऱ्यांपैकी एक आपल्याच अमरावती जिल्ह्यातले अर्थशास्त्रज्ञ आहेत. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावात: काही उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुसलमान. ६६ आठवडे, ५४८ जाहिराती, ४,८०८ अर्ज. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये २००७ साली आलेल्या त्या निबंधानुसार उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत अनुकूल उत्तर मिळण्याचं प्रमाण, संख्याशास्त्राच्या भाषेत ऑड्स, दलित नावासाठी ०.६७ आणि मुसलमान नावासाठी ०.३३ होतं. मधे यंत्र नव्हतं. पाकीट फोडणारा हात माणसाचाच होता.

पंधरा वर्षांनी, २०२२ मध्ये, ‘लेड बाय फाउंडेशन’ने मुलींपुरता असाच प्रयोग केला. एकच रेझ्युमे, नावं दोन: हबिबा अली आणि प्रियांका शर्मा. हजार जाहिराती. प्रियांकाला २०८ ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आलं, हबिबाला १०३. पोर्टल आली, ॲप आली, आणि अंतर निम्म्याचं राहिलं.

या दोन अभ्यासांच्या मधली एक घटना तुमच्यातल्या मोठ्यांना आठवत असेल. मे २०१५ मध्ये मुंबईतल्या एका एमबीए तरुणाने हिऱ्यांच्या एका निर्यातदार कंपनीकडे अर्ज केला. काही मिनिटांत उत्तर आलं की आम्ही फक्त मुसलमान नसलेल्या उमेदवारांना घेतो. गदारोळ झाला, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, कंपनीने ती एका कर्मचाऱ्याची चूक असल्याचं सांगितलं. मला त्या प्रकरणात नेहमी एकाच गोष्टीचं आश्चर्य वाटतं: कारण लिहून आलं. ते लिहून आलं म्हणून तो तरुण पोलिसांत जाऊ शकला. आज सॉफ्टवेअरकडून येणारं पत्र सभ्य असतं. ‘आपल्या प्रोफाइलने आम्ही प्रभावित झालो, परंतु.’ त्या ‘परंतु’मागे कमी अनुभव आहे, भरलेली जागा आहे, चुकलेला फॉरमॅट आहे की आणखी काही, हे पत्रावरून कुणालाच सांगता येणार नाही.

यंत्राला धर्म नसतो, असं म्हटलं जातं. खरं आहे, पण यंत्राला आठवण असते. ॲमेझॉन कंपनीने २०१४ पासून रेझ्युमेंना गुण देणारं एक साधन तयार करायला घेतलं होतं. त्याला शिकवण्यासाठी मागच्या दहा वर्षांचे अर्ज दिले, आणि ते बहुतेक पुरुषांचे होते. साधन शिकलं ते असं की रेझ्युमेत ‘विमेन्स’ शब्द आला की गुण कमी करायचे. मुलींच्या दोन महाविद्यालयांच्या पदव्यांनाही त्याने खाली ढकललं. कुणी त्याला बायकांविरुद्ध काही शिकवलं नव्हतं. कंपनीने ते बंद केलं आणि २०१८ मध्ये रॉयटर्सने ही बातमी दिली. आता ‘विमेन्स’च्या जागी ‘अंजुमन’ किंवा ‘उर्दू माध्यम’ ठेवून पाहा. न्यू पनवेलच्या कळसेकर टेक्निकल कॅम्पसमधून इंजिनीअर झालेल्या मुलांच्या पदवीवर अंजुमन-ए-इस्लामचं नाव असतं. १८७४ पासून मुंबईत शाळा चालवणाऱ्या संस्थेचं नाव. कुठल्या सॉफ्टवेअरने त्या नावाला गुण कमी केल्याचा पुरावा माझ्याकडे नाही, आणि पुरावा नसताना तसं म्हणणंही चूक. पण विचारण्याचा हक्क तरी हवा ना?

तो हक्कच आपल्याकडे नाही. संविधानाचं कलम १६ सरकारी नोकरीतल्या समान संधीचं आहे. खासगी भरतीत स्त्रियांशी भेदभाव करू नये म्हणून १९७६ मध्ये कायदा आला, अपंगांसाठी २०१६ मध्ये, एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ मध्ये. धर्माच्या कारणाने खासगी कंपनीने नोकरी नाकारली तर दाद मागायला असा कायदा नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली. माधव मेनन यांच्या तज्ज्ञगटाने २००८ मध्ये त्याचा मसुदाही दिला. तो मसुदाच राहिला. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्यात आपली माहिती पाहण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहे, यंत्राने मला का गाळलं हे विचारण्याचा नाही. न्यूयॉर्क शहरात जुलै २०२३ पासून भरतीच्या अशा यंत्रांची दरवर्षी त्रयस्थाकडून पक्षपाताची तपासणी करून निकाल जाहीर करावा लागतो. तिथेही तपासणी लिंग आणि वंशाची होते, धर्माची नाही. पण सुरुवात तरी आहे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने भरतीतली कृत्रिम बुद्धिमत्ता ‘उच्च जोखमी’त टाकली. आपल्याकडे हा शब्दसुद्धा अजून विधानसभेत पोहोचलेला नाही असं वाटतं.

मागणी करायची तर ती नेमकी असावी. राज्य सरकारने २०२४ मध्ये बार्टी, सारथीच्या धर्तीवर अल्पसंख्याकांसाठी मार्टी ही संशोधन आणि प्रशिक्षण संस्था मंजूर केली. तिने पहिल्या कामांत थोरात-ॲटवेल पद्धतीची पाहणी हाती घ्यावी: महाराष्ट्रातल्या पोर्टलवर, मुसलमान, दलित, आदिवासी आणि उच्चवर्णीय नावांनी, मुलं आणि मुली दोन्ही. एमआयडीसीचा भूखंड आणि सवलती घेणाऱ्या कंपन्यांनी भरतीत कुठलं सॉफ्टवेअर वापरतात आणि त्यात कोणते प्रश्न नकाराचे आहेत हे जाहीर करावं. ही मागणी आपल्यापुरती नाही, तळोज्यात अर्ज करणाऱ्या आगरी मुलाच्याही फायद्याची आहे. विमानतळासाठी ज्यांची गावं उठली त्यांच्या मुलांनाही हेच फॉर्म भरावे लागत आहेत. हे एकट्या मोहल्ल्याचं गाऱ्हाणं म्हणून मांडलं तर फाइलीत जाईल, हे लक्षात ठेवू.

आणि सरकारची वाट न बघता आपण करायचं काम आहे. थोरातांना ४,८०८ अर्ज लागले. एकट्याचे चाळीस अर्ज आणि चाळीस नकार मनाला कितीही खरे वाटले तरी पुरावा होत नाहीत. चाळीस जणांचे सोळाशे अर्ज नीट नोंदलेले असतील तर तेही पूर्ण पुरावा नाहीत, कारण तुलनेला दुसरी नावं लागतात. म्हणून ही नोंद फक्त आपल्या मुलांची नको. वर्गातला जो मित्र पाटील किंवा म्हात्रे आहे, गुण सारखे आहेत, तोही त्याच कंपन्यांत अर्ज करतोय, त्यालाही विचारा. बहुतेक जण हो म्हणतात, हा माझा अनुभव. खोटे अर्ज करू नका, आपापले खरे अर्ज शेजारी शेजारी लिहा.

नोंदवहीचा नमुना आम्ही केला आहे. अर्जाची तारीख, पोर्टलचं नाव, पद, जाहिरातीत मागितलेला अनुभव आणि आपला अनुभव, कुठला रेझ्युमे पाठवला, फॉर्ममधल्या हो-नाही प्रश्नांची उत्तरं, कंपनीने पाहिल्याची सूचना आली का आणि कधी, नकार आला तर किती वेळाने. कंपनीचं नाव वहीत राहील, बाहेर जाणार नाही. मोबाइलवरच्या शीटपेक्षा मला दोनशे पानी वही बरी वाटते, पण तरुण मंडळी ऐकत नाहीत, त्यामुळे दोन्ही आहेत. उत्तर आलंच नाही तर तो रकाना रिकामा सोडू नका. अर्जानंतर तीस दिवस मोजा, त्या दिवसाची तारीख टाका आणि पुढे लिहा: उत्तर नाही.